सातवी ब, सर्वनामं

कोपरखैरणे, तीन टाकीच्या मागची शाळा.
एकेचाळीस वह्या.
विषय : आमची सहल, किंवा माझे वडील.

नीरजा ठोंबरे लिहिते,
मी बसमध्ये चढले, आपण खिडकीपाशी बसलो,
मग तुम्हाला खाडी दिसते
आणि त्यांना खूप मजा आली.
मी समासात विचारते,
एका खिडकीत किती जणी होतात गं?

फळ्यावर सगळी मांडली :
मी, आम्ही, आपण, तू, तुम्ही, तो, ती, ते.
म्हटलं, ठाणे-बेलापूर रस्ता ओलांडताना
धाकट्या भावाचा हात धरता ना?
दुभाजकावर पोचलात की
दुसऱ्याच कुणाचा धरता का?
पहिल्या वाक्यात ज्याचा धरला
त्यालाच पलीकडे न्यायचं.

वर्गाला पटलं. निदान माना हलल्या.
"चला, आता आपण गप्प बसून वह्या दुरुस्त करू या."
मागच्या बाकावरून वेदिका म्हात्रे :
"बाई, तुम्ही आपण म्हणता
आणि गप्प आम्हीच बसतो."

हसले मी. काय करणार?
सोसायटीच्या मीटिंगमध्येही
आपण जरा समजून घेऊ, असं सेक्रेटरी म्हणतात
तेव्हा समजून कुणी घ्यायचं
हे आधीच ठरलेलं असतं.

सुयोग शेडगेची वही शेवटी आली.
माझे वडील माथाडी आहेत.
ते कांदा-बटाटा मार्केटला असतात.
ते रात्री दोनला उठतात.
ते पन्नास किलोची गोण पाठीवर घेऊन
फळीवरून चालतात, फळी हलते, ते हलत नाहीत.
त्यांच्या शर्टाला कांद्याचा वास येतो, धुतला तरी.
इथवर ते.
मग ना नवा परिच्छेद, ना मोकळी ओळ,
दुपारी तो भिंतीकडे तोंड करून झोपतो.
त्याचे पाय पोटाशी असतात.
त्याच्यावर मी चादर टाकतो.

तीन लाल गोल.
समासात : सातत्य!
उद्गारचिन्हासकट, सवयीनं.

मधल्या सुट्टीत बोलावलं.
"घरी वडिलांना अरे-तुरे करतोस?"
"नाही बाई. अहो-जाहोच."
"मग?"
तो डब्याचं झाकण उघडत राहिला, लावत राहिला.
"झोपल्यावर ते, ते वाटत नाहीत.
तो वाटतो. लहान."
"आणि उठल्यावर?"
"चहा घेतला की परत ते."

वाशीच्या हॉस्पिटलात माझे वडील
एका रात्रीत ते-चे ती झाले होते.
बॉडी स्त्रीलिंगी.
"ती सातपर्यंत मिळेल," काउंटरवरचा मुलगा म्हणाला.
आणि मी, व्याकरणाची बाई,
बरं म्हणाले, कुठं सही करायची विचारलं.
लाल पेन पर्समध्येच होतं.

हे सुयोगला सांगितलं नाही.
गोल पुसता येत नव्हते.
अर्धा गुण कापला होता, तो कापलेलाच ठेवला.
म्हटलं, "परीक्षेत शेवटपर्यंत ते लिहायचं.
पेपर तपासणारे
दुपारी तुमच्या घरी आलेले नसतात.
तुझ्या स्वतःच्या वहीत मात्र
लिही वाटेल ते."

मान हलवून दारापर्यंत गेला.
तिथून वळून, अगदी मनापासून :
"बाई, ह्यातलं ते म्हणजे कोण?"